जुन्या मोटारींच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती (नागपूर)

जतन करण्याजोग्या जुन्या मोटारीच्या पत्र्याला लागलेला गंज काढणे, कुजलेला भाग कापून त्या जागी त्याच आकाराचा नवा पत्रा जोडणे आणि तो पुन्हा गंजू नये अशी तजवीज करणे, या सगळ्या कामाला मिळून ही संज्ञा वापरली जाते. गॅरेजच्या बोलीत याला ‘पॅच मारणे’ किंवा ढोबळपणे ‘डेंटिंग’ म्हणतात. पण चेपलेला पत्रा सरळ करणे आणि गंजलेला पत्रा दुरुस्त करणे ही दोन निराळ्या जातीची कामे आहेत. चेपलेल्या पत्र्यात धातू जागेवर असतो, त्याचा आकार तेवढा बिघडलेला असतो. गंजलेल्या पत्र्यात धातूच नाहीसा झालेला असतो, आणि बहुतेक वेळा तो आतल्या बाजूने नाहीसा होत आलेला असल्यामुळे रंगावर फोड दिसेपर्यंत मालकाला त्याचा पत्ता नसतो.

विदर्भातील घरांच्या पोर्चमध्ये आणि जुन्या वाड्यांच्या पडव्यांत जी वाहने आजही उभी दिसतात, त्यांत हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली फियाट ११०० व तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि जीप ही नावे पहिल्यांदा घ्यावी लागतात. दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. अँबॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. ती आणि फियाट या गाड्यांना वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा आहे. दारांखालची सिल, फरशी आणि खांब यांवर गाडीचा भार असतो, म्हणून त्यांतला गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न होतो. हेराल्ड आणि जीप यांची बॉडी स्वतंत्र चॅसीवर बोल्टने बसवलेली असते. हेराल्डचे तर बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटते, त्यामुळे पत्रे सुटे करून टेबलावर काम करता येते. मात्र चॅसीच्या बाजूला निघालेले आधार कुजले असतील तर वरचा पत्रा कितीही सुबक असून उपयोग नाही.

गंजाची कारणे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड बनते. ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर तिचा वेग वाढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की सांधा फुगतो, स्पॉट वेल्डचे (दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणाऱ्या वेल्डचे) टाके उचकटतात आणि फटीत आणखी पाणी शिरते.

नागपूर समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे खाऱ्या हवेने सगळ्या पत्र्यावर एकाच वेळी चढणारा मुंबईकडचा गंज इथल्या मूळच्या गाड्यांवर सहसा आढळत नाही. पाऊसही वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इथे गंजाची वाट उन्हाळ्यातून जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की काचांभोवतीचे बीडिंग रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात, सांध्यांत भरलेला मसाला सुकून सुटतो, आणि मृगाच्या पहिल्या सरी त्या चिरांतून सरळ दारांच्या पोटात व पुढच्या फरशीवर उतरतात. गाडी कडुनिंबाखाली उभी असेल तर त्याची बारीक पाने पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीत साचून निचऱ्याची भोके बुजवतात. त्यात काळ्या मातीची भर पडते. कपाशीची ही माती मडगार्डाच्या आतल्या कडेवर थापली गेली की आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. शेतावर फिरलेल्या जीपची आणि अँबॅसेडरची चाकांवरची कमान नेमकी तिथेच कुजते.

नागपूरकराला हे कुलरच्या टाकीवरून लवकर समजते. कुलरची पत्र्याची टाकी मधोमध क्वचित फुटते. ती कोपऱ्यात आणि तळाच्या दुमडीत फुटते, कारण पाणी काढून टाकल्यावरही तिथे गाळ आणि ओल उरते. मोटारीच्या दाराची खालची दुमड, सिलचा पोकळ डबा आणि डिकीतली स्टेपनीची खोबण या जागा म्हणजे तशाच न निथळणाऱ्या टाक्या आहेत.

परीक्षण. काम हाती घेण्यापूर्वी सीट, गालिचे, त्यांखालचे डांबरी थर आणि दारांचे आतले पॅनेल काढावे लागतात. हातोडीच्या दांड्याने पत्रा वाजवत गेले की निरोगी पत्रा खणखणीत आणि कुजलेला बद्द बोलतो. संशय येईल तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहतात. कपड्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक रंगावरून फिरवले असता ज्या ठिकाणी ते धरत नाही तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. जुन्या गाडीत अशा थराखाली पत्र्याऐवजी जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा निघणे अजिबात नवलाचे नाही. भोक दिसते त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्र आतून पातळ झालेले असते, हे गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

या टप्प्यावरच पाणी कुठून आले ते शोधून काढणे आवश्यक असते. गाडीवर नळीने पाणी सोडून आत एक माणूस विजेरी घेऊन बसला की अर्ध्या तासात वाट सापडते. ती न शोधता मारलेला पॅच दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जागी फुगतो, आणि दोष मात्र वेल्डरच्या माथी येतो.

कापणी आणि आधार. बॅटरी सोडवणे, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवणे आणि जवळच्या वायरी बाजूला घेणे या गोष्टींना पर्याय नाही. ओले गोणपाट व अग्निशामक हाताशी ठेवतात. चॅसी नसलेल्या गाडीची सिल कापायची असल्यास गाडी समपातळीत टेकूंवर घेऊन दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचे आडवे-तिरपे आधार तात्पुरते जोडतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात. दोन्ही बाजू एकदम कापलेली गाडी मधोमध खचते. मग दारे लागत नाहीत आणि तो बाक पुढे जन्मभर निघत नाही. दारे बिजागरीवर ठेवून भोवतीच्या फटी पुन्हा पुन्हा मोजत राहणे ही यावरची सर्वांत सोपी खूण आहे.

कुजलेला भाग चकचकीत, पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापतात. कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर ठेवतात, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात वेल्डची उष्णता व ताण साचतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो पत्र्यावर आखतात. या कामाला ‘सीआर शीट’ म्हणजे थंड लाटलेला मऊ पोलादी पत्रा वापरतात, बाहेरच्या पत्र्यासाठी साधारण २० गेज (सुमारे ०.९ मिलिमीटर) आणि भार घेणाऱ्या भागांसाठी १८ गेज (सुमारे १.२ मिलिमीटर) योग्य असतो. कुलरसाठी वापरला जाणारा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा गल्लोगल्ली मिळतो म्हणून तोच लावण्याचा मोह होतो. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेत जस्त जळून त्याचा अपायकारक धूर होतो, टाका सच्छिद्र निघतो आणि जोडाजवळचा मुलामा जळून गेल्यामुळे मूळ हेतूही साधत नाही.

सरळ दुमडीचे तुकडे शहराच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या शिअरिंग व बेंडिंग यंत्रांवर अचूक होतात. अँबॅसेडरच्या मडगार्डाची फुगीर वक्रता मात्र यंत्राच्या दुमडीने येत नाही. त्यासाठी पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने मधून ताणावा लागतो आणि मग ठिय्यावर, म्हणजे लोखंडी ठोकळ्यावर, सपाट हातोडीने त्याचे खळगे मोडावे लागतात. पत्रा मधे पातळ होतो, कडा आखडतात आणि पृष्ठभाग आपोआप फुगतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा कारागीर वर्षानुवर्षे हेच तत्त्व हातात घेऊन बसलेला आहे. तयार तुकडा विकत आणून बसवण्यापेक्षा असा घडवलेला तुकडा मूळ रेषेला अधिक जवळ येतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, मात्र त्यासाठी लागणारे हात कमी होत चालले आहेत.

जोडणी. जुन्या डेंटरांची पिढी गॅस वेल्डिंगवर वाढली. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने दिलेला टाका मऊ राहतो आणि तो हातोडीने ठोकून पत्र्यात पार मिसळवता येतो. पण ज्योतीची उष्णता दूरवर पसरते आणि सपाट पत्रा लाटांसारखा वाकतो. गॅरेजमध्ये ‘सीओटू’ म्हणून ओळखले जाणारे तारेचे वेल्डिंग उष्णता एका जागी ठेवते, म्हणून ०.६ किंवा ०.८ मिलिमीटर तारेने पातळ पत्रा सांधणे त्यावर सोपे जाते. त्याचा टाका कडक असतो आणि तो घासून काढावा लागतो. पितळी टाका, म्हणजे ब्रेझिंग, कमी तापमानाला होतो आणि दिसायला सफाईदार असतो. तरीही भार घेणाऱ्या भागात तो वापरू नये, शिवाय त्यातला फ्लक्स (टाका नीट धरावा म्हणून लावलेले रसायन) नीट धुतला गेला नाही तर तोच पुढे गंजाला आमंत्रण देतो.

कडेला कड भिडवून केलेला जोड सर्वांत चांगला. दोन कडांमध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून आधी दूरदूरचे ठिपके देतात: एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग मध्ये. प्रत्येक ठिपका हात लावण्याइतका निवेपर्यंत पुढचा त्याच्या शेजारी द्यायचा नाही. सलग रेघ ओढली की टाका निवताना आखडतो आणि शेजारचा पत्रा आत ओढून घेतो. हा आखडलेला पट्टा ठिय्या मागे धरून हलक्या हाताने ठोकत पुन्हा ताणतात. ओल्या फडक्याने झटपट निववण्याची घाई टाळलेली बरी. एकावर एक चढवलेला जोड करायला सोपा असतो, पण त्यामुळे आत एक फट कायमची तयार होते. जिथे कारखान्यातून स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ५-६ मिलिमीटरची भोके पाडून त्यांतून खालच्या पत्र्याला टाका देतात, म्हणजे जोडाचे मूळ रूप टिकते.

गंज मारणे. वाळूच्या माऱ्याने चॅसी आणि जाड भाग उत्तम स्वच्छ होतात, परंतु बोनेट, दार, छप्पर यांसारखे पातळ सपाट पत्रे जोराच्या माऱ्याने कायमचे वाकतात. लहान सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून, भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला जोडून, १२ व्होल्टच्या चार्जरवर गंजमुक्त करता येतात. यात हायड्रोजन वायू सुटतो म्हणून काम उघड्यावर करावे, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. मिठाचे आम्ल गंज झटक्यात खाते खरे, पण ते सांध्यात शिरले की धुऊन निघत नाही. फॉस्फोरिक आम्ल उरलेल्या गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. टॅनिनयुक्त द्रावणे त्याचा निळसर काळा, स्थिर थर बनवतात. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की जी काळी शाई होते तिच्यामागची रसायनक्रिया हीच. ही द्रावणे पृष्ठभागावरच्या गंजावर चालतात. भोक पडलेल्या पत्र्याला ती नवा धातू देत नाहीत.

भरणी आणि रंग. पॉलिएस्टर पुट्टी रूढ होण्यापूर्वी जोडावरचा खळगा शिसे-कथलाच्या मिश्रणाने भरत असत. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे असलेले मिश्रण १८३ ते सुमारे २५५ अंशांच्या दरम्यान लोण्यासारखे राहते आणि लाकडी पट्टीने सारवता येते. ते पाणी शोषत नाही. पण शिशाची धूळ विषारी असल्यामुळे ते कानसेने काढावे, यंत्राने घासू नये. पुट्टी ओल शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर न लावता इपॉक्सी प्रायमरवर, आणि तीही पातळ थरात, लावणे हिताचे असते.

इथे नागपूरच्या ऋतूंचा विचार करावाच लागतो. मेच्या दुपारी पुट्टीत नेहमीएवढे हार्डनर (तिला कडक करणारे रसायन) घातले तर ती पट्टीवरच आवळते, आणि उन्हात तापलेल्या बोनेटवर फवारलेला रंग वाहण्याआधीच सुकून खरखरीत बसतो. श्रावणात उलट होते: हवेतली वाफ ओल्या लॅकरवर बसून पांढरी झाक येते, आणि घासून उघडा ठेवलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. कापणी व वेल्डिंग दसऱ्यानंतर सुरू करून रंगाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारच्या कोरड्या हवेत उरकणे सर्वांत सोयीचे. हिवाळ्यातही सकाळचे दव ओसरेपर्यंत फवारा हाती घेऊ नये. दोन घटकांच्या आधुनिक रंगांतील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने साधा रुमाल पुरत नाही, योग्य मुखवटा लागतो.

पोकळ्या आणि निगा. दुरुस्तीचे आयुष्य शेवटी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर ठरते. सांध्यांत सीलर भरल्यावर सिल, दारे आणि खांब यांच्या पोकळ्यांत लांब नळीने मेण फवारतात. जुने इंजिन ऑइल मारण्याची रीत स्वस्त आहे, पण ते रबर फुगवते आणि धूळ धरते. बुडाला लावलेले जाड डांबर उन्हाळ्यात तडकते आणि पावसात त्या तड्यांमागे पाणी कोंडते, म्हणून लवचिक लेप निवडणे बरे.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो. त्यासाठी चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. या कारणासाठी मूळ आकार, मूळ जोड आणि मूळ जाडी राखून केलेली दुरुस्ती महत्त्वाची ठरते, आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व कापलेले तुकडे जपून ठेवणे उपयोगी पडते.

दुरुस्त केलेल्या गाडीची पाहणी दरवर्षी मृग लागण्याच्या आधीच्या आठवड्यात करतात: दारांची आणि सिलची निचरा-भोके तारेने मोकळी करणे, जाळीतली निंबाची पाने काढणे, मडगार्डाच्या आतली माती धुणे, चिरलेले बीडिंग बदलणे. पावसाळ्यात अंगाला घट्ट बसणारे प्लास्टिकचे कव्हर घालत नाहीत. उघडीप झालेल्या दिवशी चारी दारे आणि डिकी उघडून गाडी दोन तास वाऱ्याला ठेवतात.