हार मानायला शिकावं लागत नाही

गारपीट झाली की सांगलीच्या तासगाव पट्ट्यात आधी द्राक्षबागांचे पंचनामे होतात, मग फोनवर ‘खचू नका’चे मेसेज येतात. मेसेज तळमळीनेच लिहिलेले असतात. पण त्यामागचा समज चुकीचा आहे: धीर मनात साठवलेला असतो, तो बाहेर काढला की माणूस कामाला लागतो.

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांच्या दोन गटांना विजेचे अगदी सारखे झटके दिले. पहिल्या गटाला डोक्याने पट्टी दाबून झटका थांबवता येई. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. पुढे दोघांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटाने उड्या मारल्या, दुसऱ्यातले बहुतेक जागीच झटके सोसत राहिले. हे असहायता ‘शिकले’ असा अर्थ लावला गेला.

तो अर्थ उलटा होता, हे २०१६ मध्ये त्याच दोघांनी मांडलं. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका आहे. त्रास लांबला की तो सेरोटोनिन नावाचं रसायन भरपूर सोडतो, भीती वाढते, हातपाय गळतात. हे आपोआप घडतं, शिकावं लागत नाही. पण नंतरच्या प्रयोगांत दिसलं, की उंदराला छोटं चाक फिरवून झटका थांबवता आला, की कपाळामागचा मेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ‘हे माझ्यामुळे थांबलं’ एवढं टिपतो आणि राफेला लगाम घालतो. हा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तेव्हा चाक फिरवणारे उंदीरही असहाय झाले. उलट, आधी एकदा चाकाचा अनुभव घेतलेले उंदीर पुढच्या हाताबाहेरच्या त्रासातही तगले. प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, माणसाचं जगणं जास्त गुंतागुंतीचं. पण हे दोन्ही भाग आपल्या मेंदूतही आहेत.

म्हणूनच साडेसातीचं निदान घातक वाटतं. साडेसात वर्षं काहीच तुमच्या हातात नाही, हेच ते सांगतं.

मेंदूला लागतो पुरावा, आणि तो लहान कामातून लवकर मिळतो. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर गारा पडल्या असतील तर सगळा एकर डोळ्यांपुढे आणू नका, एक ओळ घ्या. मोडलेले शेंडे धारदार कात्रीने कापा. मग अर्धा टक्का बोर्डो, म्हणजे बुरशी रोखणारं द्रावण: ५०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात, ५०० ग्रॅम कळीचा चुना विरवून, गाळून दुसऱ्या ५० लिटरमध्ये. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत राहा. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पाला करपेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासा. खिळा स्वच्छ निघाला की त्याच दिवशी फवारा. द्रावण शिळं झालं की साका बसतो, चिकटपणा जातो.

काम निवडताना एकच चूक होते: फळ दुसऱ्याच्या हातात असलेलं काम निवडलं जातं. भरपाईची यादी, व्यापाऱ्याचा फोन, हवामानाचा अंदाज. यांचा पाठपुरावा करावाच, पण चाक म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. फिरवूनही झटका थांबला नाही, तर राफेला लगाम बसत नाही.

आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मन कशातच लागत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ दिवसरात्र मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.