पीएम विश्वकर्मा: शिलाई मशीनच्या आशेने अर्ज भरण्याआधी

‘केंद्र सरकार मोफत शिलाई मशीन देतंय, लगेच फॉर्म भरा’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. नुसत्या मशीनवाटपाची अशी कोणतीही वेगळी केंद्रीय योजना नाही. शिवणकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी मदत मिळते ती कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून. तीही रोख नाही, आणि फॉर्म भरला की लगेच हातात पडणारी तर नाहीच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली ही योजना २०२७-२८ पर्यंत आहे. तिच्यात १८ व्यवसाय बसतात. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, चांभारकाम ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण टोपल्या-झाडू विणणारे, फुलांचे हार करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, होड्या बांधणारे आणि खेळणी बनवणारेही यात येतात, हे पुष्कळांच्या गावी नसतं. अट धंद्याची आहे, जातीची नाही.

वय किमान १८ हवं आणि नोंदणीच्या वेळी तुम्ही तो धंदा स्वतः, स्वतंत्रपणे करत असायला हवं. गारमेंट कंपनीत पगारावर शिवणारी बाई यात बसत नाही; घरी ब्लाउज शिवून देणारी बसते. सरकारी नोकरी करणारा आणि त्याचे कुटुंबीय बाद. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, मात्र इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे एकत्र राहणारे दोन विवाहित भाऊ नियमाप्रमाणे दोन कुटुंबं ठरतात. गेल्या पाच वर्षांत स्वयंरोजगारासाठी पीएमईजीपीसारखं सरकारी योजनेचं कर्ज घेतलं असेल तर अर्ज चालत नाही. मुद्रा किंवा स्वनिधी या सरकारी योजनांचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर मात्र चालतो.

कागदपत्रं मोजकीच आहेत: आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक खात्याचा तपशील आणि रेशन कार्ड. रेशन कार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक लागतात. अर्ज सीएससी केंद्रात (सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं सामायिक सेवा केंद्र) भरला जातो आणि आधार पडताळणीसाठी अंगठा द्यावा लागतो. म्हणजे स्वतःच जायचं, कागद देऊन दुसऱ्याला पाठवून भागत नाही. नोंदणी मोफत आहे. कोणी ‘फी’ मागितली तर सरळ नाही म्हणा. निघण्याआधी आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय तेवढं पाहा. जुनं सिम बंद पडलेलं असेल तर ओटीपी कुठे येणार? तो नंबर आधी बदलून घ्या, मगच केंद्रात जा.

पुढे अर्ज तीन चाळण्यांतून जातो: आधी गावात ग्रामपंचायत (शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका), मग जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती. पहिल्याच टप्प्यावर अर्ज पडून आहे असं दिसलं तर पंचायतीत जाऊन विचारावं, त्यात भीड कसली? मंजुरीनंतर विश्वकर्मा प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं.

मग येतं प्रशिक्षण. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, एकूण ४० तास, आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. आधी कौशल्याची पडताळणी होते. मशीनच्या आशेने ‘शिंपी’ लिहिलेल्या, पण हातात कधी कात्री न धरलेल्या अर्जदाराची गोची इथे होते. अवजारांसाठीचे १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर याच टप्प्यावर मिळते. ते अवजारांसाठीच वापरायचं, त्यातून रोकड काढता येत नाही.

कर्ज हवंच असं नाही. घ्यायचं ठरवलं तर मूलभूत प्रशिक्षणानंतर १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं, विनातारण. कारागिराला व्याज ५ टक्के पडतं; त्यावरचं ८ टक्क्यांपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. सावकाराच्या दराशी याची तुलनाच नको. कर्जाचा दुसरा टप्पा २ लाखांपर्यंत, मुदत ३० महिने. पहिलं खातं थकीत नसेल आणि तुम्ही डिजिटल व्यवहार करत असाल किंवा १५ दिवसांचं प्रगत प्रशिक्षण घेतलं असेल, तर तो मिळू शकतो. म्हणून दुकानात क्यूआर कोड आधीपासूनच लावून ठेवा. दर डिजिटल व्यवहारामागे १ रुपया, महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहारांपर्यंत, खात्यात जमा होतो तो वेगळाच.