जीआरईतील गणिताचे प्रश्नप्रकार

जीआरई ही अमेरिकेतील ईटीएस या संस्थेची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा. तिच्या गणित विभागात 130 ते 170 दरम्यान गुण मिळतात. सप्टेंबर 2023 पासून प्रश्न 27 असतात: पहिल्या भागात 12, वेळ 21 मिनिटे, दुसऱ्यात 15, वेळ 26 मिनिटे. पहिला भाग जसा सुटेल तशी दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. त्रिकोणमिती आणि कलन (कॅल्क्युलस) वगळलेले आहे. त्यामुळे यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात दहावीचे बीजगणित, भूमिती मन लावून केलेल्या मुलामुलींना बराचसा भाग ओळखीचा वाटतो. नवी असते ती विचारण्याची तऱ्हा.

सर्वांत वेगळा प्रकार राशींच्या तुलनेचा. दोन राशी दिलेल्या असतात. पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान की ठरवता येत नाही, एवढेच सांगायचे. समजा, पहिली राशी म्हणजे 400 मीटर परिमितीच्या आयताकृती वावराचे क्षेत्रफळ आणि दुसरी 9,000 चौरस मीटर. वावर 100 बाय 100 असेल तर क्षेत्रफळ 10,000. 150 बाय 50 असेल तर 7,500. म्हणून उत्तर ‘ठरवता येत नाही’. आकृतीत वावर चौरस दिसले तरी त्यावर विसंबू नये, कारण भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असे नाही. आलेख मात्र प्रमाणात असतात.

एकच पर्याय निवडण्याचे प्रश्न नेहमीचेच. अनेक पर्याय निवडण्याच्या प्रश्नात सगळे बरोबर पर्याय टिपले तरच गुण. अर्धवट उत्तराला काही नाही. अंक भरण्याच्या प्रश्नात पर्यायच नसतात, पण अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात नसला तरी चालतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

तक्ते-आलेखांवर लागोपाठ काही प्रश्न येतात. दोन गावांच्या वृत्तालेखांत कपाशीचा वाटा 40 आणि 30 टक्के असेल, तरी एकूण पेरा कळल्याशिवाय कपाशी कुठे जास्त ते सांगता येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण शब्दांची, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. मूळ संख्या म्हणजे प्राइम, बाकी म्हणजे रिमेंडर, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड. संकल्पना पक्की असूनही ‘इंटीजर’ म्हणजे पूर्णांक, त्यात शून्य आणि ऋण संख्याही येतात, हे ऐनवेळी निसटते आणि तुलनेचा प्रश्न चुकतो. अशा मराठी-इंग्रजी शब्दांच्या जोड्यांची वही सरावाच्या पहिल्या दिवसापासून ठेवावी.