लेझर डायोड ड्रायव्हर, अल्प प्रवाहाचा

हातात धरायच्या लेझरमध्ये बॅटरी आणि लेझर डायोड यांच्यामध्ये बसून डायोडमधला प्रवाह मर्यादेत ठेवणारे छोटे सर्किट. अल्प प्रवाह म्हणजे इथे साधारण २० ते १५० मिलीअँपिअर. ६५० नॅनोमीटरचे ५ मिलीवॉटपर्यंतचे लाल डायोड आणि ४०५ नॅनोमीटरचे कमी शक्तीचे जांभळे डायोड या टप्प्यात येतात. टॉर्चच्या एलईडीसाठी मिळणारे तयार ड्रायव्हर याच्या बरेच वर सुरू होतात. म्हणून लहान डायोडसाठी योग्य ड्रायव्हर शोधणे मोठ्या डायोडपेक्षा अवघड जाते.

प्रत्येक लेझर डायोडला एक उंबरठा प्रवाह असतो. त्याखाली डायोड एलईडीसारखा फिकट, पसरट उजेड देतो आणि त्यावर गेला की प्रकाश झपाट्याने वाढतो. ५ मिलीवॉटच्या लाल डायोडचा उंबरठा २० मिलीअँपिअरच्या आसपास आणि कामाचा प्रवाह ३० च्या आसपास असतो, म्हणजे सगळा खेळ १० मिलीअँपिअरमध्ये आटोपतो. प्रवाह फार वर गेला की स्फटिकाच्या ज्या आरशासारख्या कडेतून प्रकाश बाहेर पडतो तीच कड प्रकाशाच्या घनतेने वितळते. हे एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात घडू शकते. फ्यूज त्यापुढे निरुपयोगी ठरतो. असा डायोड नंतरही पेटतो, प्रवाहही तेवढाच घेतो, पण त्याचा झालेला असतो साधा एलईडी.

निवड करताना तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात: डायोडचा प्रवाह, त्या प्रवाहाला त्याच्यावर पडणारे व्होल्टेज, आणि डायोडची धातूची डबी त्याच्या कोणत्या पायाला जोडलेली आहे. लाल डायोडवर सुमारे २.२ व्होल्ट पडतात, जांभळ्यावर ४.५ ते ५.५. प्रवाह आणि डबीची जोडणी डेटाशीटमधूनच, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. दोन डायोड बाहेरून सारखे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एकच रेझिस्टर. ५ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या पितळी लाल मॉड्यूलमध्ये बहुधा ९१ ओहमचा रेझिस्टर असतो: ५ मधून २.२ वजा केले, ९१ ने भागले, ३१ मिलीअँपिअर. व्होल्टेज पक्के असेल तर हे चालते. लिथियम-आयन सेलवर मात्र चालत नाही. ६८ ओहम घातला तर भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टला २९ मिलीअँपिअर मिळतात, ३.७ ला २२, आणि ३.४ ला १८ च्याही खाली. सेलमध्ये अजून जीव असताना लेझर उंबरठ्याखाली जातो.

एकाच सेलवरच्या लाल लेझरसाठी सर्वांत योग्य सर्किट दोन ट्रान्झिस्टरचे. दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, २२ ओहमचा एक रेझिस्टर आणि २.२ किलोओहमचा एक, एवढेच सामान लागते. डायोडचा धन पाय थेट सेलच्या धन टोकाला, ऋण पाय पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. त्याच्या एमिटरपासून ऋण टोकापर्यंत २२ ओहम. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस पहिल्याच्या एमिटरला, कलेक्टर पहिल्याच्या बेसला, एमिटर ऋण टोकाला. पहिल्याच्या बेसपासून धन टोकापर्यंत २.२ किलोओहम. रेझिस्टरवर ०.६२ ते ०.६५ व्होल्ट जमले की दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याला आवरतो आणि प्रवाह २८-२९ मिलीअँपिअरवर थांबतो. सर्किटला स्वतःसाठी फक्त ०.८ व्होल्ट लागतात, म्हणून सेल ३ व्होल्टपर्यंत उतरला तरी प्रकाश तोच राहतो. ३५० मिलीअँपिअर-तासाचा छोटा १०४४० सेल यावर अकरा-बारा तास चालतो. इतक्या कमी प्रवाहात स्विचिंग (प्रवाह वेगाने चालू-बंद करून चालणारा) ड्रायव्हर घालून ऊर्जा वाचवण्यात काही अर्थ नाही.

याची उणीव तापमानाची. ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला २ मिलीव्होल्टने उतरते. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात आणि जानेवारीत १० अंशांच्या नाशकात तोच लेझर वापरला तर प्रवाहात सुमारे ११ टक्के फरक पडतो. जास्त प्रवाह थंडीत मिळतो, आणि थंडीतच डायोडचा उंबरठा खाली आलेला असतो. दोन्ही धोके एकाच बाजूला जमतात, म्हणून प्रवाह मर्यादेच्या थोडा खालीच धरावा.

एलएम३१७ या रेग्युलेटरचे नाव या कामात सर्वांत आधी घेतले जाते. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये तो १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून प्रवाह म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टर. ३९ ओहमच्या जोडीला १०० ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये घातला तर प्रवाह ९ ते ३२ मिलीअँपिअर बदलता येतो. कमाल मर्यादा नेहमी पक्क्या रेझिस्टरनेच बांधावी, म्हणजे प्रीसेट टोकापर्यंत फिरला तरी डायोड वाचतो. प्रीसेटचा मधला पाय एका कडेच्या पायाला जोडून ठेवावा. मग संपर्क हलला तरी रोध वाढतो आणि प्रवाह घटतो. प्रवाह १०० मिलीअँपिअरपर्यंत असेल तर लहान आकाराचा एलएम३१७एल पुरतो. अडचण अशी की हे सर्किट स्वतः जवळपास ३ व्होल्ट खाते. लाल डायोडला मिळून ५.२ व्होल्ट लागतात, म्हणजे एक सेल पुरत नाही, दोन छान पुरतात. जांभळ्याला ८ व्होल्ट लागतात आणि दोन भरलेले सेल ८.४ च देतात, त्यामुळे नियंत्रण थोड्याच वेळात सुटते. दोन सेलवरच्या ६० मिलीअँपिअरच्या जांभळ्या डायोडलाही दोन ट्रान्झिस्टरचेच सर्किट, २२ ऐवजी १० ओहम घालून, अधिक योग्य.

एएमसी७१३५ ही टॉर्चमधली लोकप्रिय चिप लहान डायोडसाठी घेऊच नये. तिचा प्रवाह ३५० मिलीअँपिअरला बांधलेला असतो. तो चालू-बंद करून सरासरी खाली आणता येते, पण प्रत्येक ठोक्याला ३५० च जातात आणि डायोड पहिल्याच ठोक्याला मरतो. बूस्ट, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारा, ड्रायव्हर एका सेलवर जांभळा डायोड चालवू शकतो, मात्र बॅटरीचे व्होल्टेज डायोडच्या व्होल्टेजपेक्षा कायम कमी हवे. एरवी प्रवाह कॉइलमधून नियंत्रणाशिवाय थेट वाहतो.

तीन पायांच्या डायोडमध्ये आत प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. त्यावरून प्रकाश स्थिर राखणारे ड्रायव्हरही मिळतात, उदाहरणार्थ जर्मनीच्या आयसी-हाउस कंपनीची आयसी-डब्ल्यूके ही चिप, जी २.४ व्होल्टपासून चालते. तापमान बदलले तरी उजेड तोच, हा त्यांचा मोठा गुण. मात्र फोटोडायोडची तार तुटली तर साधे सर्किट अंधार आहे असे समजून प्रवाह वाढवत नेते. वेगळी प्रवाहमर्यादा नसलेले असे सर्किट वापरू नये.

बरेच डायोड मरतात ते डबीच्या जोडणीमुळे. लेझर ज्यात बसवतात ती टॉर्चची नळी बहुतेक वेळा बॅटरीचे ऋण टोक असते आणि डायोडची डबी पितळी मॉड्यूलमधून तिला टेकते. डबी ऋण पायाला जोडलेली असेल आणि ड्रायव्हर ऋण बाजूला असेल, जसे वरचे दोन ट्रान्झिस्टरचे सर्किट, तर ड्रायव्हर टाळून पूर्ण बॅटरी डायोडवर येते. टेबलावर उत्तम चाललेला लेझर नळीत बसवताक्षणी जातो तो यामुळेच. डबी धन पायाला जोडलेली असेल तर बॅटरीच शॉर्ट होते. उपाय दोन: मॉड्यूल आणि नळी यांच्यात कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी टेप) घालणे, किंवा ऋण डबीच्या डायोडला धन बाजूचा ड्रायव्हर घेणे. एलएम३१७ तसाच आहे. बीसी५५७ वापरून दोन ट्रान्झिस्टरचे सर्किटही उलटे करता येते.

५ मिलीवॉट ही आयईसी ६०८२५-१ या लेझर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात दृश्य प्रकाशाच्या ३आर वर्गाची वरची मर्यादा आहे. त्यापुढे तरंगलांबीला जुळणारा चष्मा घातल्याशिवाय डायोड पेटवू नये. ४०५ नॅनोमीटरला डोळा फारसा संवेदनशील नसतो, त्यामुळे जोरदार किरणही मंद वाटतो.

प्रवाह नेहमी खोट्या भारावर, म्हणजे लेझर डायोडच्या जागी तात्पुरत्या जोडलेल्या सामानावर बसवावा. लालसाठी तीन साधे १एन४००७ डायोड आणि १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, जांभळ्यासाठी सहा डायोड. रेझिस्टरवर ३०० मिलीव्होल्ट म्हणजे ३० मिलीअँपिअर. भरलेल्या आणि उतरलेल्या, दोन्ही बॅटरींवर मोजावे. मग बॅटरी काढून ड्रायव्हरच्या आउटपुटला कपॅसिटर असेल तर तो रेझिस्टरने रिकामा करावा, लेझर डायोडचे पाय बारीक तारेने एकत्र बांधावेत, अर्थिंग असलेल्या सोल्डरिंग आयर्नने तीन सेकंदांत डाग द्यावा आणि तार शेवटी काढावी. स्विच बॅटरीच्या बाजूला हवा. ड्रायव्हर आणि डायोड यांच्यामध्ये स्विच किंवा कनेक्टर असेल तर संपर्क सुटताच कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला भरतो आणि पुन्हा जुळताच सगळा साठा डायोडमध्ये ओततो. बसवल्यावर पाच मिनिटांनी ड्रायव्हरच्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. प्रवाह तोच असून उजेड उतरला तर मॉड्यूल तापले आहे. गार झाल्यावरही उजेड परत आला नाही तर भिंग पुसून पाहावे, आणि तरीही ठिपका पसरटच राहिला तर डायोडची कड गेलेली असते.