माहितीचा अधिकार (महाराष्ट्र)

सरकारी कार्यालयांतील कागदपत्रे पाहण्याचा व त्यांच्या प्रती मिळवण्याचा नागरिकाचा कायदेशीर हक्क. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्राने मात्र त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता. २००० सालचा पहिला कायदा फारच लेचापेचा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी २००२ चा कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २००३ मध्ये मिळाली, तेव्हा आझाद मैदानावर अण्णांचे उपोषण चालू होते.

जोडपत्र ‘अ’मधील ठरावीक नमुन्याच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो जन माहिती अधिकाऱ्याकडे (माहिती देण्यासाठी कार्यालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) द्यावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ असते. उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. राज्याच्या २०१२ च्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांतला हवा.

हाती येते ती दप्तरी असलेली माहिती. ‘रस्ता का खचला?’ असे विचारले, तर ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही’ असे उत्तर मिळते आणि ते बहुधा कायद्याला धरूनच असते. त्याच रस्त्याची निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला अदा केलेली देयके मागितली, की टोलवाटोलवी अवघड होते. मुरलेले अर्जदार प्रश्नचिन्ह वापरतच नाहीत.

केंद्रीय कायद्याच्या कलम ८ मध्ये नाकारता येण्याजोग्या माहितीची यादी आहे. त्यातले व्यक्तिगत माहितीचे पोटकलम २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अधिक कडक केले. कार्यकर्त्यांचा त्याला विरोध आहे, आणि तो रास्तच म्हणावा लागेल.

उत्तर न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील व नंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कसूरदार अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्यात मुदतच नाही. खरी रखडपट्टी होते ती इथे.

अर्जाचा हा फेरा टाळणारी वाट पुणे महापालिकेने आधी चोखाळली: ठरलेल्या वेळी कोणीही यावे आणि फाइल पाहावी. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती पद्धत जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. त्यासाठी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ ठरवून दिली आहे.