सेवाभावी क्लब (पुणे)

सेवाभावी क्लब म्हणजे नोकरी, व्यवसाय वा उद्योग सांभाळून ठरावीक दिवशी एकत्र जमणाऱ्या, स्वतःची वर्गणी भरणाऱ्या आणि जमवलेल्या निधीतून समाजोपयोगी प्रकल्प करणाऱ्या सभासदांची संघटना. पुणे शहर व जिल्ह्यात रोटरी, लायन्स, इनर व्हील, जायंट्स ग्रुप अशा संघटनांचे क्लब आहेत. रोटरीच्या रचनेत पुणे व रायगड हे जिल्हे मिळून प्रांत ३१३१ होतो. रोटरी आणि लायन्सचे कारभारी वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. क्लबांचा उत्साह या एका गोष्टीतून येतो आणि त्यांच्या बहुतेक चुकाही.

पार्श्वभूमी

रोटरीची स्थापना पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत केली. त्याच वर्षी जूनमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. गोखल्यांच्या समाजात सभासद आयुष्य वाहून घेत. क्लबात सभासद आठवड्याची संध्याकाळ देतो. पुण्याला दोन्ही तऱ्हा ठाऊक होत्या. सार्वजनिक सभा १८७० सालची. सेवासदन आणि अनाथ विद्यार्थी गृह (आजचे पुणे विद्यार्थी गृह) ही दोन्ही १९०९ची. गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवावे, माधुकरी मागून शिकावे, ही रीत त्याच्याही आधीची. त्यामुळे क्लब इथे आले तेव्हा दान नवे नव्हते. हिशेबाची आणि सभेची शिस्त तेवढी नवी होती.

लायन्सची सुरुवात १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने, तीही शिकागोतच. भारतातला पहिला रोटरी क्लब १९१९ साली कलकत्त्यात निघाला आणि लायन्स १९५६ साली मुंबईत आले. इनर व्हील ही रोटरी परिवारातली महिलांची संघटना; तिचा उगम १९२४चा, मँचेस्टरमधला. जायंट्स मात्र इथलीच संघटना: १९७२ साली नाना चुडासामा यांनी ती मुंबईत सुरू केली.

रचना आणि दोन खाती

अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि प्रकल्पनिहाय संचालक हे कार्यकारी मंडळ. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो. प्रांतपाल वर्षातून एकदा अधिकृत भेट देतात, त्या दिवशी वह्या नीट असतात. रोटरीत पूर्वी दर आठवड्याला सभा सक्तीची होती. २०१६च्या नियमबदलानंतर महिन्यातून किमान दोन सभांवर भागते.

पैशाची दोन खाती वेगळी ठेवणे हा क्लबाचा पाया आहे. सभासदांच्या वर्गणीतून सभागृहाचे भाडे, जेवण, प्रांताचा व आंतरराष्ट्रीय हप्ता भागवायचा. लोकांकडून प्रकल्पासाठी घेतलेला पैसा दुसऱ्या खात्यात, शक्यतो क्लबाने नोंदवलेल्या सार्वजनिक न्यासाच्या खात्यात ठेवायचा. हा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. पदग्रहण समारंभाचे बिल ‘तात्पुरते’ प्रकल्प खात्यातून भागवणे ही नेहमीची चूक. ते जुलैत घडते, सापडते पुढच्या वर्षीच्या लेखापरीक्षणात, आणि तोवर अध्यक्ष बदललेला असतो.

निधी उभारणी

पुण्यात सर्वात जुना आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे नाटकाचा प्रयोग घेणे. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर किंवा कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांतली तारीख बहुधा नाट्यसंस्थेच्या नावावर असते. क्लब संस्थेला ठरलेली रक्कम देऊन तो प्रयोग उचलतो आणि देणगी सन्मानिका (प्रवेशिका) छापतो. समजा प्रयोगाची रक्कम, भाडे, छपाई, चहा धरून ठरीव खर्च १,७५,००० रुपये आणि सन्मानिका सरासरी ५०० रुपयांची. म्हणजे ३५० सन्मानिकांचे पैसे हाती येईपर्यंत एक रुपयाही निधी जमलेला नाही. ‘हाती येईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे. सभासद दहा-दहा सन्मानिका घेऊन जातात, अर्ध्या नातेवाइकांना वाटतात, आणि न खपलेल्या प्रयोगाच्या दिवशी दारात परत आणून देतात. त्यावर उपाय म्हणजे क्रमांक टाकलेल्या सन्मानिका, वहीत सही, आणि प्रयोगाच्या आठ दिवस आधी पैसे किंवा सन्मानिका यांपैकी एक परत. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत तारीख घेऊ नये. नाट्यगृह मिळेलही, प्रेक्षक मिळणार नाही.

प्रयोगाला जोडून स्मरणिका निघते. खरा पैसा तिच्या जाहिरातींत असतो आणि त्या बहुतेक सभासदांच्याच पुरवठादारांकडून, सी.ए.कडून, बिल्डर मित्रांकडून येतात. ही विहीर दरवर्षी उपसली की आटते. जाहिरातीच्या मोबदल्यात आलेल्या पैशाला ८०-जीची (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती देता येत नाही, हे जाहिरात मागतानाच सांगावे. १९६१च्या आयकर कायद्यातील या कलमाखाली २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही. शाळेला थेट पंखे पाठवून क्लबाकडे पावती मागणारे देणगीदार दरवर्षी भेटतात. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून न्यासाला देणगीदारांचे विवरण फॉर्म १०-बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरून प्रत्येकाला १०-बीई प्रमाणपत्र द्यावे लागू लागले. त्यासाठी पॅन क्रमांक पावती फाडतानाच घ्यायचा असतो. मे महिन्यात फोन करत बसले की निम्मे देणगीदार गावाला गेलेले असतात.

मोठी रक्कम कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चातून) येते. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. चाकण, रांजणगाव, हिंजवडी हाताशी असल्याने पुण्याच्या क्लबांना हा निधी तुलनेने जवळचा. न्यासाकडे आयकर नोंदण्या, तीन वर्षांचे काम आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ क्रमांक (हा निधी घेणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक) हवा. पण कंपनीचे वर्ष मार्चला संपते आणि क्लबाचे जूनला. फेब्रुवारीत कंपनीकडून ‘मार्चच्या आत खर्च होईल का?’ असा फोन येतो, आणि पटकन बिल होणाऱ्या वस्तू निवडल्या जातात: टीव्ही संच, जलशुद्धीकरण यंत्रे, बाके. गाळ काढण्यासारखे काम, ज्याचा हंगाम एप्रिल-मे आहे, ते नेमके या खिडकीत बसत नाही.

रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँट या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो. अर्जात गावाची गरज आधी तपासल्याचा पुरावा मागतात. अर्ज बहुतेक तिथेच अडतात. परदेशातून थेट पैसा घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते अनिवार्य आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देणेही बंद झाले.

पाण्याची कामे

भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे), मुळशी, मावळ या तालुक्यांत पाऊस भरपूर किंवा बरा, पण उन्हाळ्यात टँकर, अशी गावे आहेत. क्लबांची सर्वात टिकाऊ कामे इथे दिसतात आणि सर्वात फसलेलीही.

वनराई बंधारा स्वस्त असतो. सिमेंटची रिकामी पोती माती भरून ओढ्यात आडवी रचायची. वेळ एकच: परतीचा पाऊस ओसरल्यावर, ओढ्याला धार असताना, म्हणजे ऑक्टोबर. दिवाळीनंतर ‘श्रमदान’ ठेवले की बांध होतो, पाणी नसते. जागा अरुंद पात्राची, दोन्ही काठ घट्ट असलेली घ्यावी. पोते काठोकाठ न भरता पाऊण भरावे, म्हणजे ते बसते आणि फटी राहत नाहीत. विटांसारखी सांधेमोड ठेवून थर द्यावेत, पाया रुंद, वर निमुळते. पाणी अडते त्या बाजूने चिकणमातीचा लेप किंवा प्लॅस्टिकचा कागद. वाळू भरलेली पोती पाणी धरत नाहीत, तरी ओढ्यात हाताशी वाळूच असते म्हणून तीच भरली जाते. मध्यभागी थोडा उतार ठेवून जादा पाण्याला वाट द्यावी, नाहीतर पाणी काठ कापून बाजूने निघते. पोती उन्हाने एका हंगामात विरतात. जूनपूर्वी ती काढली नाहीत तर प्लॅस्टिकच्या चिंध्या खालच्या शेतांत जातात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना नवे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) देणे हे त्याहून उपयोगी काम, पण फोटोत ते काहीच दिसत नाही. पावसाळा संपताच लोखंडी बर्गे खाचांत बसवायचे, मधल्या सांध्यांना रबरी पट्टी, आणि पावसाळ्याआधी काढून ठेवायचे. बर्गे भंगारात विकले जातात. म्हणून देणगीपत्रात किती बर्गे, कोणत्या खोलीत, किल्ली कोणाकडे, हे लिहून ग्रामपंचायतीची सही घ्यावी.

पाझर तलावातील गाळ काढताना पोकलेनचा तास आणि डिझेल क्लब देतो, वाहतूक शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने करतो. ही वाटणी मोडू नये. फुकट पोचवलेला गाळ बांधावर पडून राहतो. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जलसंधारण खात्याची परवानगी आधी हवी. भरावाच्या पायथ्याशी खोदायचे नाही. मुरूम लागला की थांबायचे. गाळ हलक्या, मुरमाड रानात पातळ थराने पसरावा. काळ्या भारी जमिनीत तो घालून उपयोग नाही. आकडे सांगताना एक हातचलाखी हमखास होते. १०,००० घनमीटर जागा मोकळी झाली तर साठवण १ कोटी लिटरने वाढते, हे खरे. पण ट्रॉल्या मोजून घनमीटर काढले तर उकरलेला गाळ फुगलेला असतो, पाव हिस्सा किंवा अधिक. खोदण्याआधी आणि नंतर लेव्हल घेऊन काढलेला आकडाच धरावा.

आरोग्य

रक्तदान शिबिर हा सर्वात सोपा प्रकल्प समजला जातो. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा, हिमोग्लोबिन किमान १२.५, दोन दानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर. रक्त प्रत्यक्ष काढायला आठ-दहा मिनिटे, पण अर्ज, तपासणी, विश्रांती धरून माणसाचा पाऊण तास जातो. खाटा वाढवून रांग कमी होत नाही, ती हिमोग्लोबिन तपासणीच्या टेबलाशी तुंबते. उपाशी आलेला कॉलेजचा मुलगा उठताना चक्कर येऊन पडतो. त्याला दहा मिनिटे बसवणारा सभासद खाटांपाशीच हवा. खरा प्रश्न तारखेचा. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी सहा आठवड्यांपर्यंत. एकाच सणाला किंवा जयंतीला शहरभर शिबिरे झाली की साठा फुगतो, आणि एप्रिल-मेत विद्यार्थी गावी गेले की रक्तपेढ्या हात पसरतात. शिबिर मे महिन्यात घेणारा क्लब कमी रक्त जमवतो आणि जास्त कामाचा ठरतो.

मोतीबिंदूच्या शिबिरात गावात तपासणी, निवडलेल्यांची रक्तदाब-साखर चाचणी, गाडीने रुग्णालयात नेणे, शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी असा क्रम असतो. गळती मधेच होते: पेरणी आली, सोबत यायला कोणी नाही, साखर वाढलेली निघाली. गाडीभाड्याच्या अंदाजपत्रकात सोबत येणाऱ्याची जागाही धरावी लागते.

पालखीच्या मुक्कामात बहुतेक क्लब केळी, बिस्किटे, राजगिऱ्याचे लाडू वाटतात, आणि नाना-भवानी पेठेत संध्याकाळी त्यांचा खच पडतो. वारकऱ्याला त्या दोन दिवसांत लागते ते पायाच्या फोडांवर मलमपट्टी, चप्पल शिवून, अंग चेपून आणि मोबाइल चार्ज करून. दिंडीच्या प्रमुखाला आदल्या दिवशी विचारले तर तो नेमके सांगतो.

तरुणांसाठी

रोटरीचे इंटरॅक्ट (१२ ते १८ वर्षे) शाळा-कॉलेजांत चालते. १९६२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीतला दुसराच क्लब आपल्याकडे तंजावरात निघाला होता. त्यापुढच्या तरुणांचे रोटरॅक्ट १९६८चे, त्यातली वरची वयोमर्यादा आता काढली आहे. लायन्सचे लिओ क्लब १२ ते ३० वयाचे. पुण्यात रोटरॅक्टची अडचण ठरलेली: सभासद तिसऱ्या वर्षी नोकरीला बेंगळुरू-हैदराबादला किंवा उच्चशिक्षणाला बाहेर जातो. म्हणून दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गांतून भरती करावी लागते, एकदा भरून चालत नाही. ‘रायला’ हे निवासी नेतृत्व शिबिर दोन-तीन दिवसांचे. पालकांची लेखी संमती, मुलींसोबत महिला सभासद, औषधांची यादी, आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत खोलीत नाही, हे नियम भाषणांच्या यादीआधी ठरवायचे.

बाहेरगावच्या मुलांना पुण्यात शिकण्याचा मोठा खर्च राहणे आणि मेस यांचा. फी त्यामानाने सवलतीत बसते. शिष्यवृत्ती देणारे क्लब तरीही फीच भरतात, कारण पावती मिळते. खानावळीचे महिन्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, दर सत्राला गुणपत्रिका आणि एक पालक-सभासद, ही पद्धत जास्त चालते.

वाड्यावस्त्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या मुलींसाठीची सायकल बँक हा अलीकडचा लोकप्रिय प्रकल्प. सायकली मुलीच्या नव्हे, शाळेच्या नावावर राहतात. आठवीत मिळते, दहावी झाली की परत, मग पुढच्या मुलीला. प्रत्येक सायकलीला क्रमांक रंगवावा. गिअरची घेऊ नये, गावातल्या दुकानात सुटे भाग मिळत नाहीत. शाळेत पंप, पंक्चरचे साहित्य, पाने आणि जादा टायर-ट्यूब ठेवावेत आणि दोन मुलींना पंक्चर काढायला शिकवावे. घाटरस्त्याच्या गावाला देण्याआधी ब्रेकचे रबर दर सत्राला बदलण्याचा खर्च कोण करणार, ते मुख्याध्यापकांशी लेखी ठरवावे. पुढच्या जुलैत क्लबात विचारायला गेले तर तो प्रकल्प मागच्या अध्यक्षांचा होता असे उत्तर मिळते.