सीरम आणि लिव्ह-इन कंडिशनर: कोरड्या केसांना नेमकं कुठलं?

सांगलीत मारुती रोडला कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात जा आणि सांगा की केस फार कोरडे झालेत, फुगतात, काहीतरी द्या, की समोर दोन बाटल्या येतात. एक सीरम, एक लिव्ह-इन. दोन्हीवर 'स्मूद' लिहिलेलं, दोन्हीवर 'फ्रिझ कंट्रोल', दोन्ही लावून धुवायच्या नाहीत, मग आपण त्यातली छोटी चकचकीत बाटली उचलतो आणि बहुतेक वेळा ते सीरम असतं. महिन्याभरानं तक्रार सुरू होते की वरनं चमकतात पण हात फिरवला की काथ्यासारखे लागतात. तक्रार अगदी खरी आहे. कोरडेपणा घालवणं हे सीरमचं कामच नाही, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण पैसे आपले जातात आणि दोष आपल्या केसांना लागतो.

आधी केस फुगतात का ते बघू. केसावर बारीक खवल्यांचा थर असतो, त्याला क्युटिकल म्हणतात. कलर, स्ट्रेटनिंग, ऊन, गाडीवरनं जाताना स्कार्फची घासाघीस, ह्या सगळ्यानं ते खवले उचलले जातात, त्यांच्यावरचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो आणि मग हवेतला दमटपणा केसात शिरतो, कुठे कमी कुठे जास्त, म्हणून प्रत्येक केस आपापल्या दिशेला उभा राहतो. कुरळ्या केसांचं तर अजून अवघड, टाळूचं तेल वळणावळणानं टोकापर्यंत पोचतच नाही.

आता बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. लिव्ह-इनमध्ये पहिलं नाव पाण्याचं, मग सीटेअरिल अल्कोहोल (नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरू नका, हे मेणचट असतं, केस मऊ करतं), ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, आणि बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखं काहीतरी. ह्या शेवटच्यावर धन भार असतो आणि केस जिथे जास्त खराब झालाय तिथे ऋण भार जास्त असतो, त्यामुळे ते बरोबर तिथेच जाऊन चिकटतं. सीरममध्ये बहुतेक वेळा पाणी नसतंच, सुरुवातच सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल अशा सिलिकोननं होते. त्यातलं पहिलं उडून जातं, बाकीच्याची पातळ फिल्म केसावर राहते, तिच्यामुळे चमक येते, गुंता कमी होतो, बाहेरचा दमटपणा आत जायला वेळ लागतो. पण आतला केस कोरडा असेल तर तो तसाच झाकला जातो.

लेबल वाचायचा कंटाळा असेल तर तळहातावर दोन्हीचा एकेक थेंब घेऊन चोळा. लिव्ह-इन दुधाळ असतं, पसरताना गार लागतं आणि जिरतं. सीरम पारदर्शक असतं, बोटं एकमेकांवरनं सटकतात, आणि थोड्या वेळानं हात तेलकट न वाटता नुसता गुळगुळीत लागतो. आजकाल सीरम नावानं पाण्याची लोशनंही विकतात, शिवाय केस वाढायचं म्हणून टाळूला लावायचं सीरम तर तिसरंच प्रकरण, त्यामुळे पुढच्या नावावर जाऊ नका.

क्रम पण महत्त्वाचा. केस धुऊन टॉवेलनं नुसते दाबून घ्यायचे, खसाखसा पुसायचे नाहीत, ओले असतानाच लिव्ह-इन टोकांपासून वर लावायचं, मोठ्या दाताच्या कंगव्यानं विंचरायचं आणि वाळत आले की सीरमचे दोन-तीन थेंब, तेही फक्त खालच्या अर्ध्या भागाला. आधी सीरम लावून वर लिव्ह-इन थापलं तर ते नुसतं वर चिकट बसतं.

आणि आपल्या जिल्ह्यात हवा एकसारखी कुठे आहे? पश्चिमेला शिराळ्यात धो धो पाऊस आणि पूर्वेला जत-आटपाडीत कोरडं ठक्क. माझी आतेबहीण जतची, शिकायला सांगलीत, उन्हाळ्यात घरी गेली की तिला लिव्ह-इन जरा जास्तच लागतं आणि सीरमची आठवणही येत नाही, पण जुलैत कृष्णाकाठच्या दमट हवेत सीरमशिवाय चालतच नाही आणि ग्लिसरीन भरपूर असलेलं क्रीम तिला चिकट होतं, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं.

स्ट्रेटनर वापरणार असाल तर केस पूर्ण कोरडे पाहिजेत. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरवली की आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तिथनं केस तुटतो, सीरम लावलंय म्हणून हे टळत नाही. उष्णतेपासून संरक्षण असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्या भरवशावर राहा, आणि तरी तापमान कमीच ठेवा.

आपलं खोबरेल तेल ह्या दोन्हीत बसत नाही. ते केसाच्या आत शिरतं, 2003 साली छापलेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेल तपासलं तेव्हा केसातलं प्रोटीन जाणं खोबरेलनंच लक्षणीय कमी केलं. म्हणून ते धुवायच्या आधी लावा, आई-आजी लावायच्या तसंच.

एकाच बाटलीचे पैसे असतील आणि केस खरंच कोरडे असतील तर लिव्ह-इन घ्या. केस मऊ आहेत, नुसते पावसात वरवर उडतात, तर सीरमची छोटी बाटली पुरे. आणि घरी बोअरचं पाणी असेल, सीरम रोजचं असेल, तर अधूनमधून एकदा चांगला फेस होणाऱ्या शाम्पूनं नीट धुवा, नाहीतर थरावर थर बसून केस जड आणि निस्तेज दिसायला लागतात.